एकीला भीती, दुसरीला राग

नंदुरबारला बदली झाली तेव्हा भाड्याच्या घरासाठी माझ्या यजमानांनी एका मालकाला गाठलं. यजमान रेल्वेत होते, त्यामुळे नोकरीची चौकशी चटकन संपली. आडनावही 'कर'ने संपणारं, मालकाच्या मनासारखं. मग त्याने ठरलेला प्रश्न विचारला. यजमान म्हणाले, "आम्ही बेने इस्राएल."

"म्हणजे?"

"ज्यू. यहुदी. मूळचे कोकणातले, अलिबागकडचे."

मालकाने जरा विचार केला. "म्हणजे ख्रिश्चनच ना?"

"नाही. वेगळे."

"असू द्या, तसंच काहीतरी," असं म्हणून त्याने किल्ली दिली.

पुढे मी इथल्या शाळेत मराठी शिकवायला लागले आणि नोकरीभर 'ख्रिश्चन बाई' म्हणूनच ओळखली गेले. नवापूरकडच्या ख्रिश्चन मुली नाताळला हात मिळवायला यायच्या. सुरुवातीला मी समजावून सांगत असे की आम्ही शनिवार पाळतो, रविवार नाही. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. मुली मान डोलवायच्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा नाताळच्या शुभेच्छा द्यायच्या. मग मी शुभेच्छा घेऊ लागले. त्यात कुणाचं काय बिघडत होतं?

आम्ही कोण हे या गावात पहिल्यांदा ओळखलं ते शेजारच्या भाभीने. काही वर्षांनी आम्ही स्वतःचं घर घेतलं, तेव्हा तिची आणि आमची भिंत एक झाली. तिच्या नवऱ्याचं गाद्यांचं दुकान. कापूस पिंजायचं मशीन तेव्हा घरामागेच होतं आणि भाभीच्या केसांत कायम कापसाचे तंतू असत. आमच्या चौकटीवर यजमानांनी मेझुझा लावला, म्हणजे आत प्रार्थनेचा कागद असलेली बोटाएवढी डबी, तेव्हा ती ओट्यावरून बघत होती. ती म्हणाली, "तुम्ही यहुदी शेतस का? आमनी किताबमा शेतस त्याच ना?"

यजमान हसले. म्हणाले, "हो, तेच."

"मंग मुसा पैगंबर तुमना बी शे."

"आमचाही आहे," यजमान म्हणाले. तेवढ्यावर शेजार सुरू झाला.

या शेजाराला मी उगीच सोन्याचा मुलामा देणार नाही. आमची भांडणंही झाली. त्यांच्या मोरीचं पाणी आमच्या दारात यायचं, आमच्या बदामाची पानं त्यांच्या गच्चीवर. एकदा कापसाच्या धुळीवरून यजमान आणि भाई, म्हणजे भाभीचा नवरा, महिनाभर बोलत नव्हते. पण कोकणात आमच्याकडे बकरं कापायला आमचा हजान, म्हणजे प्रार्थना सांगणारा, यायचा, इथे कोण येणार? यजमान म्हणाले, भाईच्या खाटकाकडून घेऊ, तोही एका देवाचं नाव घेऊनच कापतो. माझ्या आईला हे पटलं नसतं. मलाही पूर्ण पटलं नव्हतं, पण मी घेतलं. आम्ही मटणाबरोबर दूध-दही खात नाही हे भाभीने एकदा ऐकलं आणि ते कायमचं ध्यानात ठेवलं. ईदला आमच्याकडे डबा आला की ती झाकण उघडायच्या आधीच सांगायची, "तुन्हा साठे येगळं काढं. दही नही टाकं." मला ती 'बाई'च म्हणते, पण 'तू' करून.

यजमान गेले. भाईही गेले. माझी मुलगी लग्न करून नवऱ्याबरोबर इस्राएलला गेली, दक्षिणेकडच्या एका लहान शहरात. तिथे ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते. भाभीचा मुलगा दुकान सांभाळतो. मशीन आता बाजारातल्या दुकानात गेलं आहे. राहिलो आम्ही दोघी, आणि मधली भिंत.

युद्धाची बातमी मला टीव्हीने दिली नाही, भाभीने दिली. तो शनिवार होता. शनिवारी मी टीव्ही लावत नाही, फोनही बाजूला ठेवते. भाभी हाक न मारता आत आली.

"बाई, टीव्ही लाव."

"आज शनिवार आहे, भाभी."

"माले माहीत शे. लाव. तुन्ही पोरना गावकडे काहीतरी व्हयेल शे."

मी लावला. काय चाललं आहे ते मला सुरुवातीला कळलंच नाही. वाहिनीवाल्यांनाही कळलं नसावं, कारण तीच तीन-चार दृश्यं फिरत होती. मी फोन घेतला. मुलीचा फोन लागत नव्हता. भाभी माझ्या बाजूला पलंगावर बसून राहिली. मध्ये उठून तिने माझ्या स्वयंपाकघरात चहा केला, साखर कुठे असते ते तिला ठाऊक होतं. दुपारी मुलीचा फोन आला. ती इमारतीच्या तळाशी असलेल्या खोलीत होती, शेजाऱ्यांबरोबर. जावई आणि नातू सुखरूप होते. तिचा आवाज ऐकला आणि मला रडू फुटलं. भाभीने फोन माझ्या हातातून घेतला आणि मुलीला म्हणाली, "बेटा, तू जेवन कर. आईनी फिकर करू नको, मी शे अठे."

त्यानंतरचे आठवडे मी टीव्हीसमोर काढले. मी बघत होते त्या वाहिनीवर एक मोठा नकाशा असायचा, त्यावर लाल बाण धावायचे. निवेदक रणगाड्याच्या चित्रासमोर उभा राहून बोलायचा. मागे भोंगा वाजायचा. पहिल्यांदा तो भोंगा ऐकून मला वाटलं, मुलीच्या गावातला आहे. मग लक्षात आलं, तो स्टुडिओतला आहे, जाहिरातीच्या आधी वाजतो. खाली पट्टी फिरायची: कोण कुणाला धडा शिकवणार. चर्चेला माणसं बसवलेली असत, एका बाजूला टोपीवाले, दुसऱ्या बाजूला टिळेवाले. इस्राएलबद्दल ते इतक्या आवेशाने भांडत की मला वाटे, यांच्यापैकी कुणी आयुष्यात एक तरी ज्यू माणूस पाहिला आहे का? मी नंदुरबारमध्ये पुरणपोळी लाटणारी, मराठीचं व्याकरण शिकवणारी बाई, त्यांच्या कुठल्याच बाजूला बसत नव्हते.

भिंतीपलीकडे भाभीच्या नातसुनेचा मोबाइल चालू असायचा. त्यात दुसरीच दृश्यं. पडलेली घरं, दवाखान्याच्या फरशीवर ठेवलेली लेकरं, धुळीने पांढरे झालेले बाप. माझ्या टीव्हीवर ती लेकरं क्षणभर येत आणि नकाशा परत येई. आणि त्यांच्या मोबाइलमध्ये माझ्या मुलीसारखी, तळघरात नातवाला मांडीवर घेऊन बसलेली बाई कधीच नसे. संध्याकाळी दोन्ही आवाज भिंतीतून एकमेकांत मिसळत.

भाभी रोज सकाळी एकच विचारायची, "तुन्ही पोर कशी शे?" मी सांगायचे. एके दिवशी मी ओट्यावर कोथिंबीर निवडत होते. ती मोबाइल घेऊन आली आणि एक व्हिडिओ माझ्यापुढे धरला. एक माणूस एका पोराला उचलून धावत होता. पोराचा पाय लोंबत होता.

"त्या पोरंसनं काय, बाई?" ती म्हणाली. "त्यासनी काय करं व्हतं?"

 त्या क्षणी मला वाटलं, ती हे मलाच विचारते आहे, जणू मीच तिथे आहे. मी म्हणाले, "आणि माझ्या मुलीने काय केलं होतं?"

"मी तुन्ही पोरनं नाव लिधं का?"

"मग मला का दाखवतेस?"

"तुले नही दखाडू तं कोनले दखाडू?" ती म्हणाली. "घरमा समदा आरडतस. तू बाई शे म्हनीसन तुले दखाडं."

  तिने मोबाइल पदरात ठेवला आणि माझ्यासमोरच्या कोथिंबिरीतली अर्धी जुडी ओढून घेऊन निवडायला लागली. आम्ही ते काम संपवलं. त्या दिवशी मी जेवले नाही. तो पोर माझ्या डोळ्यासमोरून हलत नव्हता, आणि त्याच वेळी मी मुलीला पुन्हा पुन्हा फोन लावत होते, ती उचलत नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच छातीत मावतात हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाभीने पुन्हा विचारलं, "तुन्ही पोर कशी शे?"

अशातच माझा एक जुना विद्यार्थी आला. आता तो एका स्थानिक बातमीवाहिनीसाठी काम करतो; केबलवर आणि मोबाइलवर ती चालते. शाळेत निबंध बरा लिहायचा. येताच वाकून नमस्कार केला. म्हणाला, "बाई, आपल्या नंदुरबारमध्ये ज्यू कुटुंब आहे हे कुणालाच माहीत नाही. आणि शेजारी मुस्लिम. किती छान गोष्ट आहे. एक बातमी करू या?"

मला ते आवडलं. टीव्हीवर रोज जे बघत होते त्याच्यापेक्षा वेगळं काही दिसेल असं वाटलं. मीच भाभीला हाक मारली. ती आधी नको म्हणाली, मग चांगली ओढणी घेऊन आली.

त्याने मला माझ्या खोलीत खुर्चीवर बसवलं, मोबाइल उभा केला, माइक पुढे धरला. बरंच काही विचारलं. कोकणाबद्दल, यजमानांबद्दल, शनिवारबद्दल. मग म्हणाला, "बाई, सध्या भीती वाटते का?"

"वाटते ना," मी म्हणाले. "मुलगी तिथे आहे. फोन लागला नाही की फार भीती वाटते."

भाभीला त्याने तिच्या ओट्यावर बसवून विचारलं. ती म्हणाली, "राग येस. लहान लहान पोरं मरी ऱ्हायनात, राग नही येवाव का? ज्यासनी लढाई लायी, त्यासना राग येस." आणि मग म्हणाली, "हाई बाईनी पोर बी तठेच शे. मी रोज दुवा मांगस तिना साठे."

शेवटी त्याने आम्हा दोघींना एकत्र बसवलं. चहा झाला. भाभीने यजमान आणि भाई यांच्या त्या महिनाभराच्या अबोल्याची गोष्ट सांगितली. दोघं एकाच न्हाव्याकडे जायचे आणि आरशातून एकमेकांकडे बघायचे, पण बोलायचे नाहीत. सांगता सांगता तिला हसू आवरेना, मलाही. त्याने ते सगळं टिपलं. निघताना म्हणाला, "मस्त झालं, बाई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बातमी लागली. भाभी बघायला माझ्याकडेच आली होती. आधी विमानं दिसली, मग आग. मग पडदा मधोमध चिरला गेला, लाल रेघेने. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाभी. वर अक्षरं: 'नंदुरबारमध्ये एका भिंतीआड ज्यू आणि मुस्लिम! एकीला भीती, दुसरीला राग!' मी म्हणत होते, "फार भीती वाटते." लगेच भाभी, "राग येस." पुन्हा मी, पुन्हा ती. मागे ढोल. निवेदिका म्हणाली, हजारो मैलांवरच्या युद्धाची धग आता खानदेशातल्या गल्लीत पोचली आहे. मुलीचा उल्लेख नव्हता, दुव्याचा नव्हता, चहाचा तर नव्हताच.

भाभीने टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाली, "मी तुले असं म्हननू का?"

"नाही."

"मंग हाई असं कसं दखाई ऱ्हायनं?"

ती उठून घरी गेली. मी दार लावून घेतलं.

त्यानंतर लोक येऊ लागले. जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले: बाई, ठीक आहात ना? काही तरुण दारात आले, त्यांच्यापैकी कुणालाही मी ओळखत नव्हते. म्हणाले, "बाई, घाबरू नका. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. कुणी काही बोललं तर फक्त एक फोन करा." मी त्यांना विचारलं, "कोण काय बोलणार आहे?" त्यांनी भाभीच्या दाराकडे पाहिलं. मी सांगितलं, माझ्या दारात उभं राहून त्या दाराकडे असं बघू नका. ते गेले, पण नाखुशीने. भाभीकडेही माणसं आली. ती काय बोलली ते मला भिंतीतून ऐकू आलं नाही, पण तिच्या मुलाचा आवाज चढला होता. नंतर कळलं, बाजारात त्याला कुणीतरी विचारलं होतं, तुझी आई त्या म्हातारीला धमक्या देते का? आणि त्याच दिवशी दुसऱ्या कुणीतरी विचारलं होतं, तुम्ही त्यांच्याशी अजून संबंध ठेवता कसे?

गल्लीच्या तोंडाशी एक पोलीस शिपाई येऊन बसू लागला. धडगावकडचा, डोंगरातला, मराठी जपून बोलणारा. त्याला चहा माझ्याकडूनही जायचा आणि भाभीच्या घरातूनही. दोन्ही कप तो मुकाट्याने प्यायचा. एकदा कप परत द्यायला आला तेव्हा म्हणाला, "बाई, एक विचारू? ज्यू म्हणजे कोणती जात?"

मी त्याला बसवून सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकलं. म्हणाला, "मग बातमीत तर सांगितलं नाही हे. मला वाटलं, तुम्ही बाहेरच्या देशातून आलात."

त्या दिवसांत भाभी सकाळी विचारायला आली नाही. तिच्या नातसुनेने खिडकीला पडदा लावला. मोबाइलचा आवाजही बंद झाला. मला राग आला होता, आणि तो कुणावर हेही मला नीट ठरवता येत नव्हतं. मनात एक वाईट विचारही येऊन गेला: तिला खरंच माझा राग तर येत नसेल? इतकी वर्षं ओळखत असून बातमीने तेवढं माझ्या डोक्यात घातलं होतं. त्या विचाराचीच मला जास्त भीती वाटली. मी चप्पल घातली आणि तिच्या दारात गेले.

मुलगा जेवत होता. तो उठून उभा राहिला. मी म्हणाले, "भाभी, मी त्या पोराच्या ऑफिसात चालले आहे. तू येतेस?"

मुलगा म्हणाला, "मावशी, आता कशाला वाढवायचं? दोन दिवसांत विसरतील लोक."

"लोक विसरतील रे. मी नाही विसरणार," मी म्हणाले. "मला बघायचं आहे, त्याने उरलेलं कुठे ठेवलं."

भाभी आतून बुरखा घालूनच आली. मुलाला म्हणाली, "तू जेवन कर."

आम्ही रिक्षा केली. स्टेशन रोडला एका दुकानाच्या वर त्याचं ऑफिस होतं, एक खोली, दोन संगणक, भिंतीला हिरवं कापड. आम्हाला दोघींना एकत्र दारात बघून तो गोंधळला. खुर्च्या पुसून दिल्या.

"बाई, तुम्ही जे बोललात तेच दाखवलंय," तो म्हणाला. "एक शब्द माझ्या पदरचा नाही."

"शब्द माझाच आहे," मी म्हणाले. "वाक्य माझं नाही. मी कशाची भीती म्हणाले होते?"

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "मुलीची." आणि लगेच म्हणाला, "मी सगळं पाठवलं होतं, बाई. कापतात मुख्य ऑफिसात. शीर्षकही तेच देतात. त्यांना अर्ध्या मिनिटात काहीतरी घडलेलं पाहिजे."

"आम्हाला सगळं दाखव."

त्याने संगणकावर पूर्ण चित्रीकरण लावलं. आम्ही तिघांनी ते बघितलं. मी मुलीबद्दल बोलत होते. भाभी दुवा मागत होती. मग चहा, न्हाव्याचा आरसा, आमचं हसणं. भाभी पडद्याजवळ सरकली.

"हाई कसाले नही दखाडं?"

"यात बातमी कुठे आहे, आजी?" तो म्हणाला, अगदी खऱ्या अडचणीने. "चहा तर तुम्ही रोजच पिता."

"रोज पितस, तेच तं मी सांगी ऱ्हायनू."

 पहिली बातमी काढून टाकणं त्याच्या हातात नव्हतं, हे त्याने स्पष्ट सांगितलं, आणि ते खरं असावं. पण चहाचा भाग मी माझ्या जबाबदारीवर टाकतो म्हणाला. दोन दिवसांनी त्याने तो टाकला. थोड्याच लोकांनी बघितला. त्याखाली एकाने लिहिलं होतं, हे पैसे देऊन करून घेतलंय. पण भाभीच्या मुलाने तो दुकानात बसणाऱ्यांना दाखवला, आणि विशेष म्हणजे त्या न्हाव्याच्या मुलाने दाखवला, कारण त्यात त्याच्या बापाचं दुकान आलं होतं. आमच्या गल्लीपुरतं तेवढं पुरलं. शिपाई यायचा थांबला. खिडकीचा पडदा मात्र काही दिवस तसाच राहिला. नातसून लाजत होती की घाबरत होती कोण जाणे. एक दिवस तो धुवायला काढला आणि परत लावला नाही.

एका जिल्हा दैनिकानेही आमच्याबद्दल आतल्या पानावर चार ओळी छापल्या, 'गैरसमज दूर' म्हणून. त्यात मला ख्रिश्चन शिक्षिका म्हटलं होतं. मी ती बातमी कापून ठेवली नाही.

ती पहिली क्लिप मात्र फिरत राहिली. तिकडे काही घडलं की ती पुन्हा वर यायची. एकदा तर खाली वेगळ्या भाषेत मजकूर लिहिलेला होता आणि गाव भलतंच होतं. शेवटी ती माझ्या मुलीच्याच फोनवर पोचली, तिथल्या मराठी बायकांच्या गटातून.

"आई, ही तू आहेस ना?" तिने फोनवर विचारलं. "तू मला काही सांगितलं नाहीस. तू इथे ये. नाहीतर पुण्याला मावशीकडे तरी जा."

मी तिला सगळं सांगितलं.  मग ती म्हणाली की तिच्या वृद्धाश्रमात एक नर्स आहे, मुसलमान, तिथलीच अरब. युद्ध सुरू झालं तेव्हा त्या दोघी काही दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. दिवाणखान्यात टीव्ही चालू असायचा आणि म्हातारे ओरडायचे. "मग एका आजोबांना अंघोळ घालायची होती," मुलगी म्हणाली. "ते जड आहेत, एकटीला उचलवत नाहीत. उचलताना बोलावंच लागतं ना, आई. तू खांदा धर, मी पाय धरते, एवढं तरी." त्यानंतर त्यांनी ड्यूटीवर असताना तो टीव्ही बंद ठेवायचं ठरवलं. बाकी कशावरही त्यांचं एकमत झालेलं नाही. ती नर्स सीमेपलीकडे अडकलेल्या भावासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी रडते, मुलगी आपल्या ओळखीच्या माणसांसाठी. पण आजोबांची अंघोळ रोज होते.

मी हे भाभीला सांगितलं. तिने त्या नर्सची बरीच चौकशी केली: लग्न झालं का, लेकरं किती, भावाचा पत्ता लागला का. तेव्हापासून सकाळचा प्रश्न थोडा बदलला. आधी मुलगी, मग ती नर्स.

पुढे एकदा युद्ध थांबल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी मोठ्या शहरातल्या एका वाहिनीचा फोन आला. आवाज गोड होता, तरुण मुलीचा. तिने आमची जुनी क्लिप शोधून काढली होती. म्हणाली, "आजी, आता आपण पॉझिटिव्ह स्टोरी करतोय. तुम्ही दोघींनी एकमेकींना पेढा भरवायचा, बस. आमचा माणूस पेढे घेऊन येईल."

मी विचारून सांगते म्हणाले. भाभी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिला सांगितलं.

तिने शेंग सोलून दाणे परातीत टाकले. "पेढा कसाना?" ती म्हणाली. "इतला लोकं मरनात तठे. कोनना घरमा आते पेढा गोड लागी?"

मलाही नको होता. मुलीच्या आश्रमातल्या एका आजीचा नातू युद्धातून परत आला नव्हता, हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. भाभी कुणाला आठवून नको म्हणत होती आणि मी कुणाला, हे आम्ही एकमेकींना विचारलं नाही. मी तिथेच ओट्यावर बसून फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं.

ती मुलगी म्हणाली, "म्हणजे आजी, तुमच्यात अजून तणाव आहे का?"

"नाही ग," मी म्हणाले. "पेढा नको आहे, एवढंच."

तिला ते कळलं नसावं. तिने धन्यवाद म्हटलं आणि फोन ठेवला. भाभीने परात आम्हा दोघींच्या मध्ये सरकवली. शेंगा भरपूर होत्या आणि कोवळ्या होत्या. ती तिच्या नातसुनेच्या माहेरच्या कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट सांगायला लागली, त्यात नवरदेवाची गाडी कोरीटच्या रस्त्यावर बंद पडली होती. गोष्ट लांबत गेली आणि मी ऐकत सोलत राहिले.